मधपेटीचा हिशेब फुलोऱ्याच्या पंचांगावर मांडा

मधमाशीपालनाचा प्रकल्प अहवाल बहुधा एका गुणाकाराने सुरू होतो आणि त्याच गुणाकाराने संपतो. पेट्या पन्नास, दर पेटीस मध अमुक किलो, किलोला भाव तमुक रुपये. त्यातून खर्च वजा केला की उरतो तो नफा. कागदावर हे गणित चुकत नाही. मात्र तीन-चार वर्षांनी त्याच गावात गेल्यावर गोठ्याच्या कडेला रचून ठेवलेल्या रिकाम्या पेट्या दिसतात आणि शेतकरी सांगतो, ‘माश्या उडून गेल्या.’ अशा पेट्या उघडल्या की आत मेणकिड्याने पोखरलेली पोळी आढळतात आणि दोष त्या किडीच्या माथी मारला जातो. माझ्या मते तो आधी अहवालाच्या माथी मारला पाहिजे. मेणकिडा दुबळ्या वसाहतीत फोफावतो, आणि वसाहत दुबळी होण्यामागे बहुतेक वेळा फुले नसलेल्या दिवसांतील उपासमार असते. त्या दिवसांत पाजायच्या साखरेचा पैसा अहवालात धरलेलाच नसतो.

मोसम आठवड्यांचा, खर्च वर्षाचा

वसाहत बारा महिने खाते. मध मात्र फुलोऱ्याच्या मोजक्या आठवड्यांतच देते. भरतपूर-अलवर भागात मोहरी हिवाळ्यात फुलते, मुजफ्फरपूरच्या लिचीला मार्चच्या सुमारास बहर येतो, केरळात रबराच्या कोवळ्या पालवीतून वर्षारंभी मकरंद पाझरतो. महाराष्ट्रात कांदा बीजोत्पादन, सूर्यफूल, डाळिंब, शेवगा आणि सह्याद्रीत जांभूळ, हिरडा यांचा आधार असतो. म्हणून आर्थिक नियोजनाचा पहिला कागद रुपयांचा नसावा. त्यावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखावेत आणि पेट्यांपासून साधारण दोन किलोमीटरच्या परिसरात कोणत्या महिन्यात काय फुलते, याची नोंद करावी. सातेरी माशीसाठी हा परिसर आणखी लहान धरावा. जे रकाने कोरे राहतील, तेच व्यवसायाचे खरे खर्चाचे महिने होत.

उदाहरणादाखल पाहू. एखाद्याकडे मेलिफेराच्या ५० वसाहती असून पावसाळ्यातील टंचाई १६ आठवड्यांची आहे. पाकासाठी दर वसाहतीस आठवड्याला अर्धा किलो साखर धरली, तर एका वसाहतीस ८ किलो आणि एकूण ४०० किलो साखर लागेल. किलोला ४५ रुपये धरल्यास ही रक्कम १८,००० रुपये होते. रक्कम फार मोठी नाही. अडचण तिच्या वेळेची आहे. हा खर्च नेमका जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे बियाणे, खते आणि मजुरी यांनी शेतकऱ्याचा हात आखडलेला असताना उभा राहतो. खताची गोणी की माशांची साखर, असा प्रश्न आला की साखर मागे पडते. त्यात शेतकऱ्याची चूक म्हणता येणार नाही. उपाय इतकाच, की उन्हाळ्यातील मधविक्रीचे पैसे हाती येताच टंचाईची रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी आणि ती नफ्यात मोजू नये. मात्र मधाचा मोसम लागण्यापूर्वी पाक बंद झालाच पाहिजे. अन्यथा साखर मधात उतरते आणि तो तपासणीत नापास होतो.

फुलोऱ्यामागे पेट्यांचे स्थलांतर करणे हा दुसरा मार्ग आहे. पण ५० पेट्यांनी ट्रक भरत नाही. भाडे, हमाली, राखणदार आणि मुक्काम यांचा भार एकट्याने न उचलता दोन-तीन मधपाळांनी मिळून उचलला, तरच हे गणित जमते.

वसाहत हे मुद्दल

लहान व्यावसायिकाची दुसरी चूक म्हणजे एकाच वर्षी मधही भरपूर आणि वसाहतींची वाढही भरपूर धरणे. वसाहतीचे विभाजन केले की दोन्ही भाग त्या मोसमात कमी मध देतात. वसाहत हे मुद्दल, मध हे व्याज. पहिल्या वर्षी मुद्दल वाढवायचे की व्याज घ्यायचे, हे आधी ठरवावे. मरतुकीचाही वाटा काढून ठेवावा. व्हॅरोआ कोळी, मेणकिडा, कीटकनाशकांची विषबाधा यांपासून कोणीही पूर्णतः सुरक्षित नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. अनेकांचे सारे मुद्दलच गेले. राणीमाशी बदलणे, औषधोपचार, पेट्यांचा घसारा आणि स्वतःच्या श्रमाची मजुरी या बाबीही खर्चात याव्यात.

विक्री आणि परागीभवन

घाऊक व्यापारी रोख देतो, पण ऐन मोसमात भाव पाडून. बाटलीबंद मधाला दर चांगला मिळतो. त्यातून बाटली, लेबल, नोंदणी, तपासणी, फूटतूट आणि दुकानदाराकडे अडकलेली उधारी वजा करावी लागते. कच्चा मध काढण्याची घाई महागात पडते. मधातील पाणी २० टक्क्यांच्या आत हवे. ते अधिक असले तर मध आंबतो आणि भावही जातो. मोहरीचा मध लवकर गोठतो, म्हणून ग्राहक त्यास भेसळीचा समजतो. तो साठवून ठेवणाऱ्याने ग्राहकाला समजावण्याचा वेळही हिशेबात धरावा. अहवालात ओळीने लिहिलेले रॉयल जेली, प्रोपोलिस आणि विष यांचे उत्पन्न पहिल्या दोन वर्षांसाठी सरळ खोडावे. त्यांना वेगळे कौशल्य लागते आणि ग्राहक मिळणेही सोपे नसते.

याउलट अहवालात क्वचितच दिसणारे उत्पन्न म्हणजे परागीभवनाचे भाडे. हिमाचलातील सफरचंद बागायतदार पेट्या भाड्याने घेतात; आपल्याकडे डाळिंब आणि कांदा बीजोत्पादनात हा व्यवहार रुजू शकतो. पेट्या कधी येणार, कधी जाणार, फुलोऱ्यात फवारणी होणार नाही आणि झाल्यास नुकसान कोण भरणार, हे मात्र लेखी असावे.

विस्तारकाची जबाबदारी

राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी केंद्राने ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. अशा योजनांच्या अनुदानाने पेट्या आणि उपकरणे घेणे सुलभ होते, परंतु टंचाईतील खेळते भांडवल शेतकऱ्यालाच उभे करावे लागते. तेव्हा विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, की फुलोऱ्याचे पंचांग जोडल्याशिवाय एकाही अहवालाची शिफारस करू नये. नवशिक्यास पाच ते दहा पेट्यांवर एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासह, काढू द्यावे. कर्जाचा हप्ता दरमहा न ठेवता मधकाढणीनंतर ठेवण्याचा आग्रह बँकेकडे धरावा. आणि प्रशिक्षणात मधयंत्र फिरवायला शिकवतो तितक्याच निष्ठेने वही लिहायला शिकवावे.

गावात किती पेट्या वाटल्या, हा आकडा मार्चअखेर अहवालात जातो. त्यांपैकी किती पेट्यांत ऑक्टोबरमध्ये माश्या होत्या, हा आकडाही आपण मागू लागलो, तर पुढच्या वर्षीचे अहवाल आपोआप खरे होऊ लागतील.