बाइकचा लांबचा प्रवास: एबीएस आहे, पण मागे बसणाऱ्याचं हेल्मेट?

तुमच्या घरातून कुणी मित्रमंडळींबरोबर बाइकवर गोव्याला किंवा लडाखला निघणार असेल, तर एबीएसच्या नियमाबद्दल तुम्ही नक्की ऐकलं असेल. जून २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा काढला. त्यात दोन गोष्टी होत्या. अगदी कमी क्षमतेच्या गाड्या वगळता सर्व नव्या दुचाकींना एबीएस, आणि दुचाकी विकताना एकाऐवजी दोन आयएसआय हेल्मेट. चर्चा रंगली ती एबीएसची आणि त्यामुळे वाढणाऱ्या किमतीची. दुसऱ्या हेल्मेटबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी मात्र ते दुसरं हेल्मेटच जास्त महत्त्वाचं आहे. कारण १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचंच आहे, आणि टूरिंगच्या बाइक बहुतेक त्याच गटातल्या असतात.

एबीएस करतं काय? जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होऊन घसरू लागतं. एबीएस सेकंदाला अनेक वेळा ब्रेकचा दाब कमी-जास्त करून चाक फिरतं ठेवतं. त्यामुळे गाडीचा तोल टिकतो. पण खडीवर किंवा वाळूवर थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. वळणावर गाडी कललेली असताना साधं एबीएस पुरेसं आधार देत नाही. म्हणून घाटात वेग वळणाआधी कमी करायचा आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये राहायचं. ‘पुढचा ब्रेक दाबला की माणूस पडतो’ ही आपल्याकडची जुनी समजूतही सोडा. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, दोन्ही ब्रेक एकत्र वापरायचे. मागे माणूस आणि सामान असेल तर हवा किती भरायची हे गाडीच्या पुस्तिकेत वेगळं दिलेलं असतं. निघण्यापूर्वी ते पाहा.

आता हेल्मेट. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे कोण बसतं? बहुतेक वेळा बायको, बहीण, आई किंवा मूल. मागच्या माणसाला समोरचा खड्डा दिसत नाही, हातात हँडल नसतं, त्यामुळे सावरायची संधीही नसते. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट लागतं. मुंबईत मागे बसणाऱ्यांवरही कारवाई सुरू झाली ती जून २०२२ मध्ये. तरी आजही पुढच्याच्या डोक्यावर महागडं हेल्मेट आणि मागचीच्या डोक्यावर ओढणी, हे दृश्य कोणत्याही हायवेवर दिसतं. मला ते पाहून खरंच राग येतो.

हेल्मेटच्या कवचाखाली थर्माकोलसारखा जाड थर असतो. आपटल्यावर तो चेपतो आणि मेंदूला बसणारा झटका कमी करतो. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. पट्टा न लावलेलं हेल्मेट मात्र डोकं जमिनीला लागायच्या आधीच निघून जातं.

कोणत्याही मसुद्यात न येणारी गोष्ट म्हणजे थकवा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान शरीर झोप मागतं आणि काही सेकंदांची डुलकी आपल्याला कळतही नाही. चहाने ती फार काळ टळत नाही. ‘रात्री निघू, रस्ता मोकळा मिळेल’ हा बेत म्हणूनच वाईट. दर दीड-दोन तासांनी उतरा, पाणी प्या. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन गाडी चालवू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी जेवण चुकवलं तर साखर उतरते. घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे धूसर, असं वाटलं की लगेच गाडी बाजूला घ्या आणि ग्लुकोज किंवा साखर खा. गोळ्यांचा डोस स्वतःहून बदलू नका, निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

अपघात झालाच तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. जखमी श्वास घेत असेल तर घाईने हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. श्वास अडत असेल तरच ते काढावं लागतं, तेही दोघांनी: एकाने मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट सावकाश सरकवायचं. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे कॅशलेस उपचार मिळू शकतात. घरच्यांनी दाखल करतानाच त्याबद्दल विचारावं.