काडतुसापेक्षा बिगुल अवघड

मंडळी, आज भांडायचं आहे. ज्यांना अ‍ॅनिमे म्हणजे फक्त पोकेमॉन वाटतं त्यांच्याशी नाही, त्यांचा नाद मी कधीच सोडलाय. भांडण आपल्याच लोकांशी आहे. शुक्रवारी रात्री डबा उघडून बसणारे, रविवार संध्याकाळपर्यंत अख्खी मालिका संपवणारे आणि सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी एका शब्दात निकाल लावणारे आपले लोक. तो शब्द म्हणजे 'भाबडं'.

निमित्त आहे 'सोरा नो वोतो'. अर्थ साधारण 'आकाशाचा आवाज'. जानेवारी ते मार्च २०१० मध्ये जपानमध्ये टीव्ही टोकियोवर आलेली मालिका. स्टुडिओ ए-वन पिक्चर्स, दिग्दर्शक मामोरू कानबे. टीव्हीवर बारा भाग, शिवाय फक्त डिस्कवर दिलेले दोन. (बघितली नसेल तर इथेच थांबा. पुढे मी शेवट फोडणार आहे, नंतर बोंब मारायची नाही.)

ज्यांनी बघून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडक्यात उजळणी. फार पूर्वी झालेल्या महायुद्धात जग जवळपास संपलंय. जुनी यंत्रं कशी चालायची हे कुणाला नीट माहीत नाही. हेल्वेतिया नावाचा देश आणि शेजारचं रोम यांच्यात युद्ध झालंय आणि आता नावापुरती शांतता आहे. सरहद्दीजवळ सेझ नावाचं डोंगरी गाव आहे. (हे गाव स्पेनमधल्या क्वेन्कावरून काढलंय. फोटो शोधून बघा, कड्यावर लटकलेली घरं तशीच्या तशी आहेत.) तिथल्या किल्ल्यात पाच मुलींची एक पलटण, ११२१ वी. त्यात नव्याने भरती होते पंधरा वर्षांची कानाता. का? तर सैन्यात बिगुल फुकट शिकवतात म्हणून. देशभक्ती नाही, सूड नाही. फुकट शिकवणी.

आता या मालिकेबद्दल जे तीन आक्षेप कायम ऐकू येतात ते एकेक करून घेतो.

आक्षेप पहिला: हे तर 'के-ऑन'ला लष्करी गणवेश घातलाय! 'के-ऑन' २००९ मध्ये आलं. शाळेतल्या मुली, बँड, चहा आणि केक. त्यानंतर वर्षभरात 'सोरा नो वोतो' आलं, चेहरे तसेच गोल, आणि लोकांनी पहिल्याच भागात शिक्का मारून टाकला. ठीक आहे, चेहरे सारखे आहेत. पण या मुलींच्या गोडपणाखाली काय आहे ते तरी बघा. फिलिसिया, जी तुकडीची प्रमुख आहे आणि सारखी हसत असते, ती रणगाड्यातले सगळे सोबती मेल्यावर एकटी उरलेली आहे. नोएल, जी दिवसभर स्पॅनर घेऊन जुना रणगाडा दुरुस्त करत बसते, तिने लहान वयात एक जुनं अस्त्र चालू करून दिलंय आणि त्यातून काय झालं हे तिला माहीत आहे. च्यायला, 'के-ऑन'मध्ये हे कुठे होतं? गणवेशातल्या माणसाने कायम कपाळाला आठ्या घालून फिरलं तरच ते युद्ध खरं, हा नियम कुणी केला?

आक्षेप दुसरा: काही घडतच नाही. हा अर्धा मान्य. बहुतेक भाग मसाल्याच्या डब्यासारखे वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत आणि युद्ध शेवटच्या दोन-तीन भागांत घाईघाईने कोंबलंय. युद्ध पेटवायला निघालेला कर्नल हॉपकिन्स हा तर सरळसरळ कागदी खलनायक आहे. त्याला युद्ध का हवं हे त्याच्या दोन-चार वाक्यांतून कळतं आणि ती वाक्यं पटत नाहीत. हे दोष आहेत, झाकायचं कारण नाही. पण 'काही घडत नाही' म्हणून ज्याची तक्रार होते, ते गावचं जगणं, ते बाजार आणि काचेचे कारागीर, ती चोरून दारू गाळून तुकडीचा खर्च भागवणारी पलटण, हे सगळं नसतं तर शेवटी वाचवायचं काय होतं? नकाशावरची रेघ?

आणि आता आक्षेप तिसरा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

शेवटच्या भागात दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहतात. कानाताच्या तुकडीने कर्नलविरुद्ध बंड केलेलं असतं. कोळ्यासारखे पाय असलेला तो जुना रणगाडा घेऊन या मुली दोन सैन्यांच्या मधोमध जातात, कानाता वर उभी राहते आणि बिगुलावर आधी युद्धविरामाचा इशारा आणि मग 'अमेझिंग ग्रेस' वाजवते. सैन्यं थबकतात. तेवढ्यात त्यांच्याच तुकडीतली रिओ तहाची बातमी घेऊन पोचते. संपलं.

यावर आपल्या लोकांची प्रतिक्रिया काय? गाणं वाजवून कुठे युद्ध थांबतं का! हॅ हॅ हॅ.

अरे पण नीट बघा ना. गाण्याने युद्ध थांबलेलं नाहीच आहे. युद्ध थांबलंय तहाने. तो तह व्हावा म्हणून रिओने स्वतःचं आयुष्य पणाला लावलंय. राजघराण्यातली अनौरस मुलगी ती, शत्रूच्या सम्राटाशी लग्न करायला तयार होऊन ती निघून गेलेली असते. शुद्ध राजकारण, भाबडं काहीही नाही. कानाताने फक्त मधली काही मिनिटं भरून काढली. आपल्या भाषेत सांगायचं तर निर्णय सर्व्हरवर झाला होता, तो सगळ्या मशीनपर्यंत पोचायचा होता. आणि तो पोचेपर्यंत एकही मशीन जुन्या माहितीवर चालून गोळी झाडणार नाही, एवढंच तिला बघायचं होतं. आपण आठवड्याचे चाळीस तास हाच प्रश्न सोडवत असतो राव! लेटन्सी!

हा प्रश्न किती खरा आहे ते बघा. अमेरिका आणि ब्रिटन यांचा तह २४ डिसेंबर १८१४ रोजी बेल्जियममधल्या घेंट इथे झाला. बातमी समुद्र ओलांडून पोचायच्या आत ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सची लढाई झाली. ब्रिटिशांचे दोन हजारांच्या आसपास सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. कागदोपत्री तह करून बसलेल्या दोन देशांमध्ये!

तेव्हा टेलिग्राफ नव्हता म्हणाल, तर पुढचं घ्या. ११ नोव्हेंबर १९१८. पहिलं महायुद्ध थांबवणाऱ्या करारावर फ्रान्समध्ये कोंपिएन्यच्या जंगलात, रेल्वेच्या डब्यात पहाटे पाच वाजून गेल्यावर सह्या झाल्या. अंमल अकरा वाजल्यापासून. मधल्या तासांत तार होती, टेलिफोन होता, बऱ्याच ठिकाणी बातमीही पोचली होती. तरी लढाई चालू राहिली. हेन्री गुंथर हा अमेरिकन सैनिक दहा वाजून एकोणसाठ मिनिटांनी मारला गेला. एक मिनिट आधी. त्या मिनिटात कुणी मधे उभं राहून बिगुल वाजवला असता तर त्याला भाबडं म्हणायची आपली छाती झाली असती का?

आणि गाण्याचंच म्हणाल तर १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर बऱ्याच ठिकाणी जर्मन आणि ब्रिटिश शिपायांनी खंदकांतून एकमेकांना गाणी ऐकवली, बाहेर येऊन सिगारेटी वाटल्या, मेलेल्यांना पुरलं. युद्ध संपलं का? नाही, पुढे चार वर्षं चाललं. पुढच्या वर्षी असलं काही होऊ नये म्हणून वरून कडक हुकूम निघाले. म्हणजे बघा, गाण्याने गोळीबार थांबू शकतो यावर सेनापतींचा विश्वास होता. अविश्वास फक्त आपल्या प्रेक्षकांना आहे.

बरं, हे प्रेक्षक सगळीकडे इतकेच कडक असते तर मी गप्प बसलो असतो. पण यांचा आवडता हिरो कोण? 'कोड गिअस'चा लेलूश. २००८ मध्ये त्याची कथा संपली. त्याची योजना काय होती? स्वतः जगाचा हुकूमशहा व्हायचं, सगळ्या जगाचा द्वेष आपल्यावर ओढून घ्यायचा आणि मित्राच्या हातून भर रस्त्यात मरायचं. म्हणजे द्वेष त्याच्याबरोबर संपेल आणि लोक वाटाघाटींना बसतील. आता सांगा, इतिहासात एक हुकूमशहा मेल्यावर सगळ्या जगाचा द्वेष संपल्याचं एक उदाहरण द्या. मी थांबतो. हे 'जीनियस', आणि तह झाल्यावर निरोप पोचेपर्यंत सैन्याला थोपवणारी मुलगी 'भाबडी'! गंमत म्हणजे 'सोरा नो वोतो'चा पटकथाकार हिरोयुकी योशिनो हा 'कोड गिअस'च्या लेखकांच्या चमूतही होता. त्याला दोन्ही प्रकार येतात. आपल्याला एकच पचतो.

किंवा 'गर्ल्स उंड पांझर' घ्या, २०१२ चं. शाळकरी मुली खऱ्या तोफगोळ्यांनी रणगाड्यांच्या मॅचेस खेळतात आणि कुणाला खरचटतही नाही, कारण काय तर आतून खास कार्बनचं अस्तर आहे. ते अस्तर आपण आनंदाने गिळतो (मीही गिळलं, मस्त मालिका आहे). पण बिगुल घशात अडकतो.

मुद्दा असा की खटकतं ते अशक्य असणं नाही. खटकते ती नकार देणारी मुलगी. १९९५-९६ मधल्या 'गंडम विंग'ची रेलेना आठवा. संपूर्ण निःशस्त्रीकरणाचा पुरस्कार करणारी राजकन्या. गंडमच्या चाहत्यांत तिच्याइतकी थट्टा क्वचितच कुणाची झाली असेल. आणि मियाझाकीची 'नौसिका' आज सगळे डोक्यावर घेतात, पण १९८४ चा तो सिनेमा १९८५ मध्ये अमेरिकेत कसा दाखवला? वीस मिनिटांहून जास्त कापून, नायिकेचं नाव बदलून 'झांड्रा' करून, आणि व्हिडिओच्या डब्यावर सिनेमात नसलेले हत्यारबंद पुरुष पुढे काढून. वडिलांचा खून झाल्यावर शिपायांना मारणारी, आणि नंतर आपल्याच हातांची भीती वाटलेली मुलगी हे खरं तर त्या सिनेमाचं काळीज. विकणाऱ्याला मात्र डब्यावर दुसरेच कुणीतरी हवे होते.

'आपण बुवा वास्तववादी' म्हणणं फार स्वस्त आहे, हे माझं खरं दुखणं. एसीत बसून, हातात कॉफी घेऊन, 'एकदाच काय ते आरपार होऊन जाऊ दे' म्हणायला शून्य रुपये लागतात. १० मे २०२५ ला भारत-पाकिस्तानमध्ये गोळीबार थांबवायचं ठरलं आणि आपल्या परराष्ट्र सचिवांनी ते जाहीर केलं. पुढे काय झालं आठवतंय? निरोप आणणाऱ्या त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना नेटवर इतक्या शिव्या पडल्या की त्याला आपलं एक्सवरचं खातं कुलूपबंद करावं लागलं. सरकारचं धोरण चूक की बरोबर यावर हवं तेवढं भांडू, पण गोळीबार थांबल्याची बातमी ऐकून चिडणारे ते लोक पूंछमध्ये नव्हते हे मी पैजेवर सांगतो. सीमेवरच्या गावात ज्याच्या छपरावर तोफगोळा पडतो त्याला युद्धविराम भाबडा वाटत नाही.

'सोरा नो वोतो'मध्ये अगदी हेच आहे. एक जखमी रोमन मुलगी, आयशा, या तुकडीच्या हाती लागते. कर्नलला तिच्यात युद्धाचं कारण दिसतं. तिची भाषा समजून घेतल्यावर कळतं की सेझमध्ये जी दंतकथा सांगतात तीच पलीकडेही सांगतात, फक्त इकडे जो राक्षस आहे तो तिकडे देवदूत आहे. बास. एवढ्याशा गोष्टीसाठी आधी शत्रूची भाषा येणारं कुणीतरी गावात असावं लागतं आणि शत्रू मरायच्या आत त्याला पाणी पाजावं लागतं. यात स्वप्नाळू काय आहे? मेहनतीचं, किचकट, रोजचं काम आहे ते.

शेवटचा एक आक्षेप राहिला. सैन्यात राहून कसली शांतता, हा ढोंगीपणा नाही का? नाही. जिच्या हातात बिगुल आहे आणि ज्याचा अर्थ दोन्हीकडच्या शिपायांना कळतो, तिलाच तो वाजवता येतो. बाहेरून ओरडणाऱ्याचं कुणी ऐकलं नसतं. आणि वाजवायची किंमत होती कोर्ट मार्शल, किंवा दोन्हीकडून गोळ्या. ती किंमत माहीत असून ती वर चढली. बिगुल फुकट शिकायला आलेली पोरगी!

असो. बरंच झालं. या शनिवारी परत बघा, यावेळी सातवा भाग फोन बाजूला ठेवून बघा आणि शेवटचा भाग घड्याळाकडे लक्ष ठेवून बघा. त्यानंतरही 'भाबडं' वाटलं तर जरूर सांगा, भांडायला मी आहेच. फक्त 'के-ऑन'चं नाव काढलंत तर चहाचे पैसे तुमचे.