विश्लेषण : घाटातल्या वळणावर प्रवाशाला बाहेर कोण ढकलते?

करूळ घाट चढून गगनबावड्याला येणाऱ्या एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या मुलाला एक गोष्ट सांगावी लागत नाही : गाडी डावीकडे वळली की अंग उजवीकडे जाते. का, असे विचारले तर ‘बाहेर फेकणारे बल लागते’ असे उत्तर येते. दहावीच्या विज्ञानातला पहिलाच धडा नेमके उलटे सांगतो. वळणासाठी लागणारे बल केंद्राकडे, म्हणजे आतल्या बाजूला असते. मुले परीक्षेत ‘अभिकेंद्री बल’ लिहून गुण घेतात आणि एसटीत चढली की पुन्हा बाहेरच्या बलावर येतात.

मग खरे काय घडते?

रस्त्याकडेला उभे राहून पाहू. टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण गाडीला आत वळवते. प्रवाशाचे शरीर मात्र जडत्वामुळे सरळच जाऊ पाहते. हातातला दांडा किंवा खिडकीची बाजू त्याला आत ओढते, तेव्हा तो वळतो. बाहेर कोणीच ढकललेले नसते. गाडीत बसून गणित मांडायचे तर बाहेरचे ‘अपकेंद्री’ बल धरावे लागते, पण ती हिशेबाची सोय. त्यामुळे मुलाला सरसकट चूक ठरवणेही बरे नाही.

हा फरक गुणांपुरता नाही. वेग दुप्पट झाला की त्याच वळणाला चौपट बल लागते आणि गगनबावड्याच्या पावसात घर्षण तर कमी झालेले असते. ते पुरले नाही की दुचाकी ‘फेकली’ जात नाही, ती वळतच नाही. ब्रेक वळणाआधी दाबायचा तो यासाठी : ब्रेक आणि वळण दोघेही त्याच घर्षणावर जगतात.

समजूत इतकी चिवट का?

कारण ती अनुभवातून आलेली असते. त्यात भाषेची भर. घरी बल, जोर, ताकद, शक्ती सगळे एकच. पुस्तकात बल वेगळे, शक्ती वेगळी. हे जगभरचे दुखणे आहे. अमेरिकेत १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनांची चाचणीच तयार केली. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे अशा चाचण्यांतले निकाल तपासले. आधी जे येत नव्हते, त्यातले नुसत्या व्याख्यानाने सरासरी २३ टक्के भरून निघाले. चर्चा आणि कृतीने ४८ टक्के. निम्मे तरीही राहिलेच.

वर्गात काय करता येईल?

कागदी ताटलीचा चतकोर तुकडा कापा. उरलेल्या काठाला लावून गोटी फिरवायची आहे. पण फिरवण्याआधी, कापलेल्या जागी ती कुठे जाईल याची रेघ प्रत्येकाने वहीत काढायची आणि शेजाऱ्याला पटवायची. हा टप्पा वगळला तर प्रयोग म्हणजे नुसती गंमत. गोळाकार रेघा निघतील, बाहेर झेपावणाऱ्याही निघतील. शिक्षकांनी लगेच उत्तर सांगून टाकू नये, हेच कठीण. मग गोटी सोडा : काठ सुटला त्या क्षणी ती जिकडे निघाली होती, तिकडेच सरळ जाते.