काचिंडो, कातळ आणि कापड

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाणी, पार्किंग आणि कुत्री यांवरूनच भांडणं होतात. या आठवड्यात चौथा विषय निघाला. गच्चीतल्या टाकीजवळ सरडा दिसला! ‘काचिंडो छे, झेरी छे’ असा सकाळी निरोप, आणि दुपारपर्यंत फवारणीवाल्याचं कोटेशनसुद्धा हजर. एरवी गळकी टाकी दुरुस्त व्हायला आमच्याकडे दोन दिवाळ्या जातात. ‘भारतातला एकही सरडा विषारी नाही,’ असं मी लिहिलं. उत्तरादाखल एक अंगठा आला आणि लगेच कुणीतरी ‘शुभ बपोर’चा गुलाब टाकला.

हरलेलं भांडण इथे आणून पुन्हा लढायची माझी खोड तुम्हाला ठाऊक आहेच.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे. कासला फुलं बघायला झुंबड उडते, पण या सड्यावर एप्रिल-मेच्या उन्हात चिटपाखरू फिरकत नाही. नेमका तेव्हाच तिथला नर सरडा दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो. सरडा सुपर्बा हे त्याचं शास्त्रीय नाव, 2016 सालचं. राहायला उघडा कातळ, सुटे दगड, खुरटं गवत. खायला मुंग्या आणि मिळतील ते किडे. मादी मात्र मातकट, दगडात मिसळून जाणारी. मिरवण्याचं काम तिने नवऱ्यावर सोपवलेलं दिसतं.

या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. इथे सुरतकरांनी कान टवकारावेत, कारण साताऱ्याच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभारणाऱ्या सुझलॉनचे तुलसी तांती मूळचे कापडवाले, आपल्या सुरतेत धंदा केलेले. विजेच्या बिलाने जेरीस आले, स्वतःसाठी पवनचक्क्या घेतल्या आणि 1995 मध्ये कंपनीच काढली. बिलावर चडफडणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. चडफडून डोंगर गाठणारा हा एकच.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी चाळकेवाडीत पाहणी केली, 2018 मध्ये निष्कर्ष छापले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी. साहजिकच सरडे बेसुमार वाढले. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक उतरलं, माणूस जवळ आला तरी ते पटकन पळेनात. एवढी चैन, तरी अंगाने मात्र रोडावलेले आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके! खाणारी तोंडं वाढली, तेवढे किडे कुठून येणार?

हे मी उधन्याच्या आमच्या एका स्नेह्यांना सांगितलं. मूळ नंदुरबारचे, थोडेसे माग चालवतात. त्यांना जराही नवल वाटलं नाही.

“अहो भाऊ, त्यात काय! जोखीम नाही म्हटल्यावर सगळेच धंद्यात घुसतात. आमच्या ग्रे कापडाचं तेच झालं. मीटरमागे पैसे सुटतात, रुपये नाही.”

“पण घारीची भीती तर गेली ना त्यांची?”

“घार परवडली. ती एकाला उचलते. शेजारचा मागवाला रोज भाव पाडतो.”

मग यार्नचे दर झाले, उधारी झाली, पार्टी पळून गेल्याची जुनी कहाणी झाली आणि गाडी वीजबिलावर येऊन थांबली. पवनचक्कीची वीज त्यांच्या खात्याला स्वस्तात लागेल का, हे मी साताऱ्याच्या माझ्या साडूंकडून काढून द्यायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. साडू पोस्टात होते.