माळ्यावरची यंत्रे

बदलीचे सामान बांधताना माळ्यावरून खोकी निघतात. दोरी ओढून कांदा चिरण्याचे यंत्र, नॉनस्टिक तवा. हौसेने आणलेले, दोनदा वापरलेले. ‘बायकांना नवे नकोच असते,’ असा शेरा मारून आपण अधिकारी मंडळी मोकळे होतो. हा शेरा आम्हांस मान्य नाही. पाटा-वरवंटा सोडून ज्यांनी मिक्सर आनंदाने पत्करला, त्यांना जुनाट कोण म्हणेल? दोष यंत्रांचाच आहे. दोन कांद्यांसाठी झाकण, पाती आणि भांडे धुवावे लागते; विळी एका पाण्यात स्वच्छ होते. भाकरीची धग नॉनस्टिक तव्यास मानवत नाही. सुमारे २६० अंश सेल्सिअसपुढे त्याचा लेप बिघडू लागतो. आमचे म्हणणे इतकेच: यंत्र आणण्यापूर्वी जिला ते वापरावयाचे आहे तिला विचारावे, नपेक्षा ते रोज स्वतः धुवावे.