संधिविकारांवरील संशोधन : निधी, विद्यापीठ आणि आपण

आयुर्वेदीय चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांमध्ये संधिशूल, कटिशूल, गृध्रसी आणि आमवात यांचे रुग्ण किती असतात, हे आपल्या सभासदांस नव्याने सांगावयास नको. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने संधिविकारांची घरोघर पाहणी सुरू झाली. तीत ४,००० हून अधिक प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे १८ टक्के व्यक्तींस अस्थि-संधि-स्नायूंची काही ना काही पीडा असल्याचे आढळले. एका सामान्य ग्रामीण लोकवस्तीचे हे चित्र आहे. यांपैकी पुष्कळ रुग्ण वेदनाशामक गोळ्यांनी जठर आणि वृक्क यांस अपाय झाल्यावर आपल्या दाराशी येतात. आपण त्यांना स्नेहन, स्वेदन, बस्ती, गुग्गुळकल्प देतो. बहुतेकांस उतार पडतो, काहींस पडत नाही. मात्र किती जणांस पडला, किती काळ टिकला आणि कोणास पडला नाही, याचा लेखी हिशेब आपल्यापैकी फार थोड्यांपाशी असतो.

हा हिशेब मांडण्यासाठी संशोधन हवे, संशोधनासाठी निधी हवा आणि निधी मागण्यासाठी संस्थेचा आधार हवा. यांपैकी निधीविषयी आपण नेहमी बोलतो. संस्थेच्या आधाराविषयी क्वचितच बोलतो. आमच्या मते खरी अडचण या दुसऱ्या ठिकाणी आहे.

झालेल्या कामाचा धडा

संधिविकारांवर आयुर्वेदीय दृष्टीने दर्जेदार संशोधन होऊच शकत नाही, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. २००३ साली नागपूरच्या संशोधकांनी शल्लकीच्या निर्यासाचा जानुसंधिगत विकारावरील अभ्यास आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. रुग्णसंख्या होती अवघी ३०. आपल्या पदव्युत्तर प्रबंधांतही साधारणतः इतकेच रुग्ण असतात. परंतु त्या अभ्यासात यादृच्छिक विभागणी होती, प्लासिबो होता आणि औषध कोणास मिळत आहे हे वैद्य व रुग्ण दोघांपासूनही गुप्त होते. म्हणून तो आजही जगभर उद्धृत होतो आणि आपले प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खातात. येथे रुग्णसंख्येपेक्षा आराखड्याचे महत्त्व अधिक ठरले.

दुसरे उदाहरण केंद्र शासनाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या 'निम्टली' प्रकल्पाचे. पुण्यातील संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि प्रा. भूषण पटवर्धन यांचा या कामात प्रमुख सहभाग होता. प्रारंभी अनेक कल्पांची लहान प्रमाणावर तुलना झाली. त्यांतून शुंठी आणि गुडूची यांवर आधारित कल्प निवडले गेले. पुढे ४४० रुग्णांवर २४ आठवड्यांची चाचणी होऊन २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार हे कल्प ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. याच चाचणीत आयुर्वेदीय कल्प घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताच्या एसजीपीटी या घटकाची वाढ आढळली आणि औषध थांबविल्यावर ती पूर्ववत झाली, हेही संशोधकांनी स्वच्छपणे नोंदविले. आम्हांस ही नोंद यशाइतकीच मोलाची वाटते. वनौषधी म्हणजे निरुपद्रवी, असे सरसकट सांगणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी. निधी, प्रयोगशाळा आणि नियमित रक्ततपासणी नसती, तर ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली असती?

आमवाताच्या संदर्भात २०११ साली प्रसिद्ध झालेला कोइमतूर येथील अभ्यास ध्यानात ठेवावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निधीवर झालेल्या या पथदर्शी अभ्यासात ४३ रुग्ण होते. आयुर्वेदीय चिकित्सा, मेथोट्रेक्सेट आणि दोहोंचा संयोग अशा तीन गटांची तुलना करण्यात आली आणि परिणाम ढोबळमानाने सारखे आढळले. रुग्णसंख्या अल्प असल्याने अंतिम निर्णय देता येत नाही. तथापि प्रत्येक रुग्णाची प्रकृती व अवस्था पाहून वैद्याने औषध निवडावे आणि तरीही चाचणी दुहेरी गुप्ततेने चालावी, हे शक्य आहे असे त्यातून सिद्ध झाले.

आता सर्वांत विचार करावयास लावणारे उदाहरण. बर्लिनमधील शारिते विद्यापीठ रुग्णालयाशी संबंधित संशोधकांनी १५१ रुग्णांवर जानुसंधिगत वाताचा अभ्यास केला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटास बारा आठवडे अभ्यंगादी बाह्योपचार, आहारविहाराचे मार्गदर्शन, योगासने अशी समग्र आयुर्वेदीय चिकित्सा मिळाली, तर दुसऱ्यास व्यायाम व भौतिकोपचारांसह प्रचलित चिकित्सा. आयुर्वेदीय गटास अधिक लाभ झाला. अशा उपचारांत गुप्तता राखता येत नाही, ही या अभ्यासाची मर्यादा मान्य करूनही त्याचे महत्त्व कमी होत नाही. आणि या अभ्यासास अर्थसाहाय्य होते आपल्याच आयुष मंत्रालयाचे. भारतीय करदात्याचा पैसा बर्लिनपर्यंत पोहोचला, याचा आम्हांस विषाद नाही. तेथे काम उत्तम झाले. परंतु तोच पैसा बारामती, लातूर किंवा सावंतवाडीच्या वैद्यापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

निधी कोठे आहे?

निधीच्या वाटा आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. आयुष मंत्रालयाची बहिःसंस्था संशोधन योजना २०२१-२२ पासून 'आयुर्ज्ञान' योजनेत समाविष्ट झाली. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'स्पार्क' ही योजना आणली आणि तीत दोन महिन्यांच्या संशोधनासाठी ५०,००० रुपयांची विद्यावृत्ती ठेवली. पदव्युत्तर प्रबंधांसाठी 'पीजी-स्टार' योजना आली. महाविद्यालयीन अध्यापकांसाठीची 'स्मार्ट' योजना जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिच्या प्राधान्याच्या व्याधींमध्ये संधिगत वात आणि आमवाताशी साधर्म्य असलेला रुमॅटॉइड संधिशोथ या दोहोंचा समावेश होता. म्हणजे आपल्या दैनंदिन व्यवसायातील दोन मुख्य व्याधी शासनाने स्वतः निवडल्या. विषय आपला, रुग्ण आपले, औषधे आपली. मग प्रस्ताव आपले का नाहीत?

कारण यांपैकी प्रत्येक दरवाजा संस्थेच्या प्रांगणात उघडतो. स्वतंत्र चिकित्सालय चालविणारा वैद्य एकट्याने अर्ज करू म्हणेल, तर त्याला नीतिसमिती कोठली? २०१९ च्या नियमांनी आरोग्यविषयक संशोधनाच्या नीतिसमित्यांची नोंदणी आवश्यक केली. औषधचाचणीची राष्ट्रीय नोंदणीपटावर नोंद १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच ती करावी लागते. हे नियम योग्यच आहेत. रुग्णाच्या रक्षणासाठी ते हवेतच. परंतु ते पाळण्यास संख्याशास्त्रज्ञ, प्रयोगशाळा, लेखापाल आणि प्रस्तावलेखनाचा सराव असलेला माणूस लागतो. पंचकर्माच्या दोन खोल्या आणि एक परिचारक यांच्या बळावर हे साधत नाही.

विद्यापीठाने काय करावे?

१९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा आयुर्वेद, आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या आणि भौतिकोपचार या विद्याशाखा एका छत्राखाली आल्या. संधिविकारांच्या संशोधनासाठी याहून अनुकूल रचना कोणती असू शकते? अस्थिरोगतज्ज्ञ क्ष-किरण चित्र वाचील, भौतिकोपचारतज्ज्ञ सांध्याच्या हालचालीचे माप घेईल, वैद्य चिकित्सा करील. प्रत्यक्षात मात्र या शाखांची गाठ बहुधा परीक्षेच्या वेळापत्रकातच पडते.

विद्यापीठाकडे आमच्या चार मागण्या आहेत.

पहिली, पदव्युत्तर प्रबंधांची फुटकळ मांडणी थांबवावी. जानुसंधिगत वातावर एका महाविद्यालयात ३० रुग्ण, दुसऱ्यात ४०, प्रत्येकाचे निकष वेगळे आणि मोजमाप वेगळे, अशा रीतीने दहा प्रबंध होऊनही एक निष्कर्ष हाती लागत नाही. त्याऐवजी दहा महाविद्यालयांनी एकच आराखडा, एकच कल्प आणि एकच मापनपद्धती घेऊन प्रत्येकी ३० रुग्ण पाहिले, तर ३०० रुग्णांचा अभ्यास उभा राहतो. विद्यार्थ्याचा प्रबंध होतोच, शिवाय शास्त्राचेही काम होते.

दुसरी, विभागवार संशोधन साहाय्य कक्ष असावेत. तेथे प्रस्तावाचा आराखडा तपासून मिळावा, रुग्णसंख्येचे गणित करून मिळावे, नोंदणीस मदत व्हावी. आमच्या परिचयाच्या एका तरुण अध्यापकाचा आमवातावरील प्रस्ताव केवळ रुग्णसंख्येचे समर्थन नीट न दिल्यामुळे परत आला. एका संख्याशास्त्रज्ञाचे एक दुपारचे काम ते. तो माणूस मिळाला नाही आणि प्रस्ताव पुन्हा गेला नाही.

तिसरी, खासगी वैद्यांस सहसंशोधक म्हणून विद्यापीठाशी जोडून घेणारी अधिकृत पद्धत असावी. ज्येष्ठ वैद्यांपाशी रुग्ण आणि अनुभव आहेत, महाविद्यालयांपाशी नीतिसमिती आहे. या दोहोंमध्ये आज पूल नाही.

चौथी, प्रबंधासाठीचा औषधांचा व तपासण्यांचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून होऊ नये. खर्च वाचविण्यासाठी रक्ततपासण्या गाळल्या जातात आणि मग यकृत-वृक्कांवरील परिणाम कळतच नाहीत. निम्टली प्रकल्पातील ती नोंद येथे पुन्हा आठवावी.

औषधनिर्मात्यांचा वाटा

आपल्या वाचकांत औषधी कारखान्यांचे व दुकानांचे चालक मोठ्या संख्येने आहेत. त्यांस थोडे स्पष्ट सांगण्याची मुभा घेतो. कल्पाचा घटक निश्चित नसेल, तर त्यावरील संशोधनास अर्थ उरत नाही. रास्नेचेच पाहा. उत्तरेत प्लूचिया लॅन्सिओलाटा, दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीची अल्पिनिया गलंगा, बंगालात वान्डा ही वृक्षांवर वाढणारी वनस्पती, अशी तीन वेगळी द्रव्ये एकाच नावाने वापरात आहेत. मग महारास्नादी क्वाथाचा गुण आला, असे म्हणताना कोणत्या रास्नेचा, हे सांगावे लागेल. गुग्गुळाचा वृक्ष आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या जागतिक यादीत आहे. पुरवठा आटला की भेसळ वाढते. चाचणीसाठीचे औषध एकाच घाण्यातील, द्रव्यनिश्चिती झालेले आणि प्रयोगशाळेच्या दाखल्यासह मिळाले पाहिजे.

निर्मात्यांनी औषध द्यावे, त्याच्यासारखाच दिसणारा प्लासिबोही बनवून द्यावा. रूप, रस, गंध जुळविण्याचे कौशल्य त्यांच्याचपाशी आहे. परंतु निष्कर्षाच्या मसुद्यास हात लावू नये. औषध निष्प्रभ ठरले तरी ते प्रसिद्ध होईल, असा लेखी करार आरंभीच व्हावा. संधिवाताच्या चूर्णात स्टेरॉइड मिसळणाऱ्या नफेखोरांनी आपल्या शास्त्राची जी अपकीर्ती केली आहे, ती जाहिरातीने धुऊन निघणार नाही. स्वच्छ संशोधनाने निघेल.

आणि आपण

आयुर्वेदीय चिकित्सा व्यक्तिसापेक्ष असल्याने ती आधुनिक संशोधनाच्या चौकटीत बसत नाही, हा आक्षेप आपल्यातीलच काही मान्यवर घेतात. एका रोगास एकच गोळी, अशा चौकटीपुरता तो खरा आहे. परंतु कोइमतूर आणि बर्लिन येथील अभ्यासांनी चौकट बदलता येते, हे दाखविले आहे. यापुढे हा आक्षेप अभ्यास टाळण्याची सबब होऊ नये.

विद्यापीठ जागे होईपर्यंत वाट पाहावी असेही नाही. आपल्या संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने संधिविकारांसाठी एक समान रुग्णपत्रक स्वीकारावे. त्यात प्रकृती, साम-निराम अवस्था व दोषानुबंध यांबरोबरच वेदनेचे शून्य ते दहा असे माप, प्रभातकालीन ग्रहाचा कालावधी, चालता येण्याचे अंतर, चालू असलेली वेदनाशामके आणि तीन महिन्यांनंतरची स्थिती एवढे असले तरी पुरे. औषध सोडून गेलेल्या रुग्णाचीही नोंद ठेवावी, कारण बरे झालेले तेवढे लिहावयाचे आणि न आलेले विसरावयाचे, यातूनच आपला स्वतःविषयीचा भ्रम वाढतो. अशा नोंदी रुग्णाच्या संमतीने व नाव गुप्त ठेवून एक वर्ष झाल्या, की महाविद्यालयाच्या दारात आपण रिकाम्या हातांनी उभे राहणार नाही. आमच्याकडे रुग्ण आहेत आणि नोंदी आहेत, तुम्ही नीतिसमिती आणि संख्याशास्त्रज्ञ द्या, असे सांगता येईल. अर्थसाहाय्याच्या अर्जात अशा प्राथमिक नोंदींचे वजन मोठे असते.

संघटनेच्या आगामी वार्षिक सभेत या रुग्णपत्रकाचा मसुदा चर्चेस यावा आणि विद्यापीठाकडे पाठवावयाच्या मागण्यांचा ठरावही त्याच सभेत व्हावा, अशी आमची सूचना आहे. सभासदांनी आपली मते संपादक मंडळाकडे अवश्य पाठवावीत. आपल्या आसनावर बसलेला रुग्ण गुडघा चेपीत विचारतो, "वैद्यबुवा, गुण येईल ना?" त्यास आज आपण अनुभवाने उत्तर देतो. उद्या ते अनुभवासोबत आधारानेही देता आले पाहिजे.