करुण गेला, जितेशही गेला. आता चौथ्या नंबरवर कोण?

मार्च २०२५ मध्ये रणजी करंडक जिंकून विदर्भाला वर्षही झालं नव्हतं, आणि दोन मोठी नावं संघाच्या यादीतून गेली. करुण नायर कर्नाटकात परतला. जितेश शर्मा बडोद्याला गेला. जुलै २०२५ मध्ये दोन्ही बातम्या आल्या, पेपरात चार-चार ओळी छापून आल्या आणि विषय मिटला.

मिटला तो नागपुरात. सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्यात तो अजून चालू आहे. सोयाबीन सोंगायला आलंय, पाऊस हटायचं नाव घेत नाही, मजूर मिळत नाहीत, तरी चहाच्या टपरीवर दोन माणसं जमली की एक जण विचारतोच, "करुणला काऊन जाऊ दिलं बे?" इथल्या पोरांना आयपीएलच्या लिलावाचे आकडे तोंडपाठ असतात. जितेशसाठी बंगळुरूनं ११ कोटी मोजले, हे बारावीतला पोरगाही सांगतो. विदर्भाच्या संघाबद्दल मात्र त्याच पोराला सांगण्यासारखं फारसं हाती लागत नाही. कोण आलं, कोण गेलं, का गेलं, हे विदर्भाच्या क्रिकेट संघटनेनं चाहत्यांना नीट बसून सांगितल्याचं कुणाला आठवत नाही.

अमेरिकेत याच्या उलट असतं: बेसबॉलचा हंगाम संपला की खरी चर्चा सुरू होते. हुआन सोटो एकच हंगाम न्यूयॉर्क यांकीजकडून खेळला, संघ अंतिम मालिकेपर्यंत गेला, तिथं हरला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सोटो त्याच शहरातल्या मेट्सकडे गेला: १५ वर्षांचा करार, ७६.५ कोटी डॉलर. यांकीजचा चाहता चिडला, पण त्याला आकडा माहीत होता, मुदत माहीत होती, त्याच्या बदल्यात संघाला काय करता येईल याची गणितं तो हिवाळाभर मांडत बसला. विदर्भाच्या चाहत्यानं कशावर गणित मांडायचं?

तरीही मांडून पाहायला हरकत नाही. आणि ते मांडलं की दिसतं, साखरखेर्ड्यातला राग चुकीच्या माणसासाठी खर्च होतोय.

करुणचा हिशेब सरळ आहे. २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ करणारा हा फलंदाज पुढं कर्नाटकच्या संघातूनही बाहेर पडला होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्यानं क्रिकेटकडे आणखी एक संधी मागितली, ती जाहीरपणे. ती विदर्भानं २०२३ मध्ये दिली. त्यानं परतफेड कशी केली? पहिल्या हंगामात संघ रणजीच्या अंतिम सामन्यात, वानखेडेवर मुंबईकडून हरला. दुसऱ्या हंगामात विजय हजारे स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, पाच शतकं ठोकून. तिथं मात्र कर्नाटकनंच विदर्भाला हरवलं. आणि मग रणजी.

नागपूरजवळच्या जामठ्याचा तो अंतिम सामना ज्यानं पाहिला त्याला २६ फेब्रुवारी २०२५ ची सकाळ विसरता येणार नाही. केरळनं नाणेफेक जिंकून विदर्भाला फलंदाजी दिली. पार्थ रेखडे दुसऱ्याच चेंडूवर बाद. दर्शन नळकांडेला वर पाठवण्याचा डाव फसला. ध्रुव शोरे गेला. धावफलक ३ बाद २४. समोर पहिलाच रणजी हंगाम खेळणारा २१ वर्षांचा दानिश मालेवार, आणि करुण. दोघांनी २१५ धावा जोडल्या. करुण ८६ वर धावबाद झाला, तोही दानिशशी झालेल्या गोंधळात. दानिश १५३ पर्यंत गेला. दुसऱ्या डावात करुण ३१ वर असताना स्लिपमध्ये झेल सुटला आणि त्यानं १३५ काढल्या. शतक झाल्यावर ड्रेसिंग रूमकडे नऊ बोटं दाखवली, हंगामातलं नववं शतक म्हणून. सामना अनिर्णित, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाचा, तिसऱ्यांदा.

रणजीत ८६३ धावा, करंडक, आणि त्या जोरावर आठ वर्षांनी कसोटी संघात पुनरागमन. दोघांचंही भलं झालं. पाहुणा आला, जेवला, कामाला हात लावला, आपल्या घरी गेला. यात रुसण्यासारखं काय आहे? वयाच्या तिशीनंतर माणसाला घराजवळ खेळावंसं वाटलं तर त्याला गद्दार म्हणणारे लोक स्वतः पुण्याहून बदली करून घ्यायला किती अर्ज करतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

उसन्या बळाचं तर साखरखेर्ड्याला अप्रूपच नसावं. १७२४ साली निजाम-उल-मुल्कानं मुबारिझखानाला याच मातीत हरवलं, ते मराठ्यांची कुमक घेऊन. चारच वर्षांनी पालखेडला निजाम आणि बाजीराव एकमेकांसमोर उभे होते. कुमक कायमची नसते, हे इथल्या शिवारानं तीनशे वर्षांपूर्वी पाहिलंय.

विदर्भाच्या क्रिकेटनं तर ते जास्तच पाहिलंय. १९५७-५८ मध्ये रणजीत पहिलं पाऊल टाकलेल्या या संघाला पहिला करंडक मिळायला साठ वर्षं लागली. इतर राज्यांतले खेळाडू घ्यायची सोय होती. नियमानं एका हंगामात बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात, त्यांच्या मूळ संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र मात्र लागतं. एस. बद्रीनाथ तमिळनाडूहून आला, कर्णधार झाला, गेला. गणेश सतीश कर्नाटकातून आला आणि बरीच वर्षं राहिला. वसीम जाफर मुंबईहून आला तेव्हा सदतिशीत होता. लोकांनी ही म्हाताऱ्यांची खोगीरभरती म्हणून नाकं मुरडली होती. त्याच जाफरनं जानेवारी २०१८ मध्ये इंदूरला रणजीच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध विजयी धाव काढली आणि पुढच्या हंगामात, चाळिशी ओलांडल्यावर, रणजीत १०३७ धावा केल्या.

पण इंदूरच्या त्या सामन्याची धावपत्रिका उघडून बघा. हॅट्‌ट्रिक रजनीश गुरबानीची. शतक अक्षय वाडकरचं, प्रथम श्रेणीतलं पहिलं. कर्णधार फैज फजल, त्या हंगामात ९१२ धावा. पुढच्या वर्षी नागपुरात अंतिम सामन्यात सौराष्ट्राला गुंडाळणारा आदित्य सरवटे, सामन्यात ११ बळी. सगळी विदर्भातली पोरं. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांनी पाहुण्यांना आधाराला ठेवलं आणि पोरांना पुढं काढलं. जाफरचं खरं काम धावांइतकंच ड्रेसिंग रूममध्ये होतं.

आता त्यातले किती विदर्भात आहेत? फजल निवृत्त झाला, ते वयानुसार झालं. गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. सरवटे केरळकडे गेला आणि २०२५ च्या अंतिम सामन्यात जामठ्यावरच, आपल्या जुन्या मैदानावर, विदर्भाविरुद्ध ७९ धावा करून बसला. तो आणि सचिन बेबी खेळत होते तेव्हा करंडक जातो की काय असं वाटत होतं. शेवटी त्याला बाद केलं हर्ष दुबेनं, म्हणजे सरवटेच्याच जागेवर आलेल्या डावखुऱ्या फिरकीपटूनं. हर्षनं त्या हंगामात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात एवढे बळी त्याआधी कुणीच घेतले नव्हते.

हर्षचं उदाहरण देऊन कुणी म्हणेल, बघा, घरचा गेला तरी बिघडलं नाही, उलट बावीस वर्षांच्या पोराला वाट मिळाली. मुद्दा खरा आहे आणि तो टाळता येत नाही. सरवटे थांबला असता तर हर्षला इतकी षटकं मिळाली असती का, शंकाच आहे. पण मग हाच न्याय करुणच्या जागेला का लावायचा नाही?

जितेशचं प्रकरण वेगळं आहे. अमरावतीचा मुलगा. रणजीच्या संघात यष्टींमागं कर्णधार वाडकर उभा, त्यामुळं जितेशला २०२४-२५ च्या हंगामात लाल चेंडूचा एकही सामना मिळाला नाही. वाडकरला हलवायचं कारण नव्हतं. करंडक त्याच्याच हातात होता. मे २०२५ मध्ये आयपीएलमध्ये लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून बंगळुरूला वरच्या दोघांत नेलं, ते या जितेशनं, कर्णधाराची जबाबदारी सांभाळत. जूनमध्ये त्याच्या संघानं आयपीएल जिंकली. जुलैमध्ये तो बडोद्याचा झाला. बडोद्याचा कृणाल पंड्या बंगळुरूत त्याच्यासोबत खेळतो, तेव्हा बोलणं कुठं झालं असेल याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही.

खेळाडूनं आपलं बघितलं, त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. चुटपूट लागते ती दुसऱ्याच गोष्टीची. मर्यादित षटकांच्या सामन्यांत शेवटच्या पाच षटकांत येऊन सामना फिरवणारा फलंदाज विदर्भाच्या मातीत तयार झाला, आणि तो जाताना त्याला थांबवण्यासाठी कुणी हातपाय हलवल्याचं चाहत्याला दिसलं नाही. करुणसाठी हळहळ, जितेशसाठी खांदे उडवणं. पिकतं तिथं विकत नाही, ते हे असं.

लाल आणि पांढऱ्या चेंडूच्या क्रिकेटचा वेगवेगळा विचार करून, पांढऱ्या चेंडूच्या संघाचं नेतृत्व जितेशकडे पाच वर्षांसाठी देता आलं असतं. मोठ्या संघटना असे निर्णय घेतात. मुंबईचंच बघा: यशस्वी जैस्वालनं एप्रिल २०२५ मध्ये गोव्यासाठी ना हरकत मागितली, आणि महिन्याभरात तो मुंबईतच थांबायला तयार झाला. पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे गेला तो गेलाच. सगळेच थांबत नाहीत, पण एखादा तरी थांबतो.

साखरखेर्ड्यातल्या चाहत्याची आणखी एक तक्रार आहे आणि ती भूगोलाची आहे. विदर्भ म्हणजे अकरा जिल्हे. विजेत्या संघाची नावं घ्यायला लागलं की नागपूर, नागपूर, अकोला, नागपूर असं ऐकू येतं. अथर्व तायडे अकोल्याचा, उमेश यादव नागपूरजवळच्या कोळसा खाणीच्या वस्तीतला. बुलडाणा, वाशीमची पोरं रब्बीच्या दिवसांत टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये तासन्‌तास राबतात. लेदर बॉल, मॅट, नेट नि शिकवणारा माणूस या चारही गोष्टी एका जागी मिळवायला त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं. समृद्धी महामार्ग सिंदखेडराजावरून जातो, नागपूर आता पूर्वीइतकं लांब नाही, हे खरं. पण टोल भरून निवड चाचणीला जाणारा बाप इथं प्रत्येक घरात नसतो. पाहुण्या खेळाडूवर जे मानधन खर्च होतं त्यातला थोडा वाटा पश्चिम विदर्भात एक पक्कं प्रशिक्षण केंद्र चालवायला वळवला, तर पाच-सात वर्षांनी पाहुण्याची गरजच कितपत राहील?

म्हणून करुणची जागा पुन्हा मोठ्या नावानं भरण्याचा मोह टाळलेला बरा. पाहुण्यांपैकी शोरे आहे, सलामीला त्याचा आधार पुरेसा आहे. बाकीची फलंदाजी घरची आहे आणि ती कच्ची नाही. २०२४-२५ च्या रणजी हंगामात सर्वाधिक धावा करुणच्या नव्हत्या, यश राठोडच्या होत्या: ९६०. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूला दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य विभागाकडून त्यानं दक्षिण विभागाला १९४ धावांनी धुतलं. त्याआधी त्याच स्पर्धेत दानिशनं ईशान्य विभागाविरुद्ध २०३ काढल्या. हर्षही त्याच संघात होता. बाहेरून आणलेला तिशीतला फलंदाज चौथ्या नंबरवर बसवला, की राठोड पुन्हा पाचव्या-सहाव्या क्रमांकावर खाली, आणि त्याच्या खालचा पोरगा बाकावर. दोन हंगाम बाकावर बसलेला पोरगा तिसऱ्या हंगामात गोवा, त्रिपुरा किंवा छत्तीसगडचा फोन उचलतो. तोही मग बातमीच्या चार ओळींत जातो.

रणजीचा पुढचा हंगाम १५ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाला. विदर्भ आणि बडोदा त्या हंगामात एकाच गटात होते, त्यामुळं टपरीवरच्या मंडळींना भांडायला विषय मिळालाच. त्याआधी १ ऑक्टोबरपासून जामठ्याला शेष भारताविरुद्ध इराणी करंडकाचा सामना होता. दसऱ्याच्या सुट्टीत सोयाबीन झाकून, पावसानं उसंत दिली तर, साखरखेर्ड्याची काही पोरं तिकडं जायच्या बेतात होती. दोन गडी लवकर बाद झाले, तर वाडकरनं चौथ्या नंबरवर राठोडलाच पाठवावं.